रोज फिरतात, तरी तोल जातो: सत्तरीतले पाय आणि मेंदू

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ७१ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. गेली कित्येक वर्षं रोज सकाळी पाऊण तास फिरतात. तरीही गेल्या दोन महिन्यांत दोनदा पडले: एकदा बाथरूमच्या उंबऱ्याशी, एकदा रस्त्यावर मागून हॉर्न वाजला म्हणून वळताना. खुर्चीतून उठताना हल्ली हात टेकावे लागतात आणि ओळखीच्या माणसांची नावं चटकन आठवत नाहीत. आई ६७ वर्षांची. मधुमेह आहे, गुडघे दुखतात आणि 'आता या वयात कसला व्यायाम' हे तिचं ठरलेलं उत्तर. व्यायामानं स्मरणशक्ती खरंच टिकते का, आणि दोघांनी नेमकं काय करावं?

मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्याकडे येणारे बहुतेक पेशंट साठीच्या पुढचे असतात. आधी थेट उत्तर देते. बाबांचं फिरणं चांगलं आहे, ते चालू राहू द्या, पण त्यांच्या तक्रारी फिरण्यानं सुटणाऱ्या नाहीत. त्यासाठी पायांची ताकद वाढवणारा आणि तोल सुधारणारा व्यायाम वेगळा करावा लागतो. मेंदूला फायदा होतो, मात्र व्हॉट्सॲपवर सांगतात तेवढा होत नाही, आणि पायांना होणाऱ्या फायद्याइतका खात्रीचा तर नाहीच.

व्यायामाच्या आधी एक काम. दोन महिन्यांत दोनदा पडणं 'वयोमानानुसार' म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना सांगून बाबांचा रक्तदाब आधी झोपवून आणि मग उभं केल्यावर एक आणि तीन मिनिटांनी मोजून घ्या. उभं राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरत असेल, तर रात्री-पहाटे बाथरूमकडे जाताना तोल जाण्याचं कारण तिथेच सापडू शकतं. सगळ्या गोळ्या पिशवीत घालून सोबत न्या. झोपेची गोळी, प्रोस्टेटची गोळी आणि रक्तदाबाच्या दोन-तीन गोळ्या एकत्र आल्या की असं होताना मी वरचेवर बघते. मोतीबिंदू बघून घ्या. आणि रक्तातलं बी-१२ जरूर तपासा, विशेषतः घर शाकाहारी असेल तर. ते कमी असलं की तळपायांची जाणीव बोथट होते, अंधारात तोल जातो आणि विसराळूपणाही वाढतो. म्हणजे बाबांच्या दोन्ही तक्रारी एकाच कमतरतेतून आलेल्या असू शकतात, आणि तसं असेल तर तिथे माझा व्यायाम नाही, इंजेक्शन लागतं. आईंना मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर त्यांचंही तपासा, कारण त्या गोळीनं बी-१२ घटतं.

पडताना डोक्याला मार लागला होता का, हेही आठवून बघा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जास्तच. मार लागल्यावर कित्येक आठवड्यांनीसुद्धा डोकेदुखी, गुंगी, बोलण्यातला गोंधळ सुरू होऊ शकतो. कवटीच्या आत हळूहळू रक्त साचतं आणि घरच्यांना वाटतं की म्हातारपण अचानक वाढलं. अशा वेळी थेट रुग्णालय गाठायचं.

आता फिरण्याबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींत ६५ वर्षांपुढच्यांसाठी तीन गोष्टी आहेत: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं दम वाढवणारी मध्यम हालचाल, किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल व कामाच्या हालचालींचा व्यायाम. बाबांचा हिशेब मांडला तर पहिल्या रकान्यात ३१५ मिनिटं, पुढच्या दोन्हींत शून्य. (३१५ मधून कट्ट्यावर बसून चहा घेण्याचा वेळ वजा करावा लागेल. तो वेळ वाया जात नाही, त्याचा फायदा पुढे येईलच, पण तो व्यायामात धरू नका.) चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग असला की ते मध्यम समजायचं.

सपाट रस्त्यावर चालताना शरीर फार काटकसरीनं काम करतं. मांडीच्या ताकदीचा छोटासा भागच त्यात वापरला जातो, त्यामुळे रोज तासभर चालणाऱ्या माणसाचीही उरलेली ताकद दरवर्षी थोडी थोडी ओसरत जाते आणि चालताना ते कळत नाही. कळतं ते एसटीची पहिली पायरी चढताना, बसक्या सोफ्यावरून उठताना. वयाबरोबर स्नायूंतले झटपट आकुंचन पावणारे तंतू आधी आणि जास्त घटतात, त्यामुळे ताकदीपेक्षाही चपळाई लवकर जाते. ठेच लागल्यावर माणूस पडतो की सावरतो हे दुसरं पाऊल किती पटकन पुढे पडतं यावर ठरतं. बाबा हॉर्न ऐकून वळले तेव्हा नेमकं हेच पाऊल उशिरा पडलं असावं.

घरीच एक चाचणी करून बघा. हात नसलेली, सुमारे १७ इंच उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. प्लास्टिकची खुर्ची फरशीवर सरकते, म्हणून भिंत हवीच. दोन्ही हात छातीवर आडवे धरायचे आणि ३० सेकंदांत पूर्ण उभं राहून पुन्हा बसणं किती वेळा जमतं ते मोजायचं. ७० ते ७४ वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी आणि ६५ ते ६९ वयाच्या स्त्रीला ११ पेक्षा कमी वेळा जमलं, तर पाय वयाच्या मानानं कमजोर आणि पडण्याचा धोका जास्त असं समजतात. हात टेकावे लागले तर आकडा शून्य धरायचा. वाईट वाटून घेऊ नका, सुरुवात कुठून आहे ते त्यातून कळतं.

आकड्याइतकंच, ते कसे उठतात तेही बघा. पाऊलं गुडघ्यांच्या पुढे ठेवून उठायचा प्रयत्न करतात का? मग अंग मागे ओढलं जातं आणि हात लागतातच. पाऊलं मागे घ्यायला सांगा, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत पुढे झुकायला सांगा आणि मग उठवा. ताकद तीच असते, तरी कित्येकांना तिथल्या तिथे हाताशिवाय उठता येतं. बसतानाही बघा. शेवटच्या चार बोटांच्या अंतरात धपकन अंग सोडून देत असतील, तर मांडीला वजन सावकाश खाली उतरवता येत नाही. जिना उतरताना लागते ती हीच ताकद.

'या वयात' या मुद्द्याला माझ्याकडे एक जुनं उत्तर आहे. १९९० साली बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात सरासरी ९० वर्षं वयाच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा जड वजनाचा व्यायाम देण्यात आला. नऊ जणांनी तो पूर्ण केला. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, आणि एका पावलाला दुसरं लावून चालण्याचा वेग ४८ टक्क्यांनी. लोक थोडे होते, हे खरं. म्हणून त्याच गटानं १९९४ साली शंभर अशक्त वृद्धांवर दहा आठवड्यांचा मोठा प्रयोग केला. त्यातही ताकद दुपटीहून जास्त झाली, आणि नुसतं पौष्टिक पेय देऊन काही विशेष साधलं नाही. प्रोटीन पावडरच्या डब्यावर भिस्त ठेवणाऱ्या मुलांना मी हे नेहमी सांगते.

पडण्याबद्दलचा पुरावाही भक्कम आहे. शंभराहून जास्त चाचण्या एकत्र करून २०१९ मध्ये झालेल्या आढाव्यात, व्यायामामुळे पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. तोलाच्या आणि ताकदीच्या व्यायामांची जोड असेल तिथे घट आणखी जास्त, सुमारे ३४ टक्के. नुसत्या चालण्याच्या कार्यक्रमांनी पडणं कमी होतं असं मात्र त्यात ठामपणे सांगता आलेलं नाही.

तर बाबांनी काय करायचं? एक दिवसाआड, वीस-पंचवीस मिनिटं, स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ. ओटा म्हणजे पकडायला घरातली सगळ्यात भरवशाची जागा. तो सरकत नाही, हलत नाही आणि उंचीही बेताची असते.

मुख्य व्यायाम खुर्चीतून उठबस. सुरुवातीला हाताशिवाय जमत नसेल तर बैठकीवर चादरीच्या घड्या ठेवून उंची वाढवा. आठ ते दहा वेळा उठबस, दोन मिनिटं थांबून पुन्हा, असे दोन-तीन फेरे. उठायचं झटकन, बसायचं मनात चार आकडे मोजत सावकाश. श्वास रोखायचा नाही, त्यानं रक्तदाब एकदम चढतो. उठताना मोठ्यानं आकडा म्हटला की श्वास आपोआप सुटतो. शेवटच्या दोन उठबशा जड गेल्या पाहिजेत. दहाही सहज झाल्या तर एक घडी काढायची. सगळ्या घड्या निघाल्या की दोन किलो तांदळाची पिशवी छातीशी धरून करायचं, मग तीन किलो. ही चढती पायरी लोक विसरतात. तीच दहा उठबस वर्षभर केली तर शरीर तिला सरावतं आणि ताकद तिथेच थांबते.

त्याच्या जोडीला ओटा धरून टाचा उचलणं, जिन्याची पहिली पायरी एकेका पायानं चढ-उतार, आणि भिंतीवर हात टेकून दंड. एवढ्यानं ताकदीचं भागतं. बागांमधल्या ओपन जिमबद्दल विचारणारे पुष्कळ असतात. सांधे मोकळे होतात, चार माणसं भेटतात, जरूर जा. पण तिथल्या बहुतेक यंत्रांना वजन वाढवायची सोय नसते, म्हणून ताकदीच्या व्यायामात मी ती धरत नाही.

तोलाचे व्यायाम रोज केले तरी चालतात. ओट्यावर बोटं टेकवून आधी पाऊलं जुळवून उभं राहायचं, मग एक पाऊल अर्धं पुढे, मग एका टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावून, आणि शेवटी एका पायावर. प्रत्येक प्रकार दहा सेकंदांपासून तीसपर्यंत न्यायचा. स्थिर जमलं की मान डावी-उजवीकडे वळवत करायचा, कारण आयुष्यात तोल जातो तो मान वळवतानाच. मग ओट्याला धरून आडवं चालणं, उलटं चालणं. बाबांना मी वळण्याचा सराव खास देईन: एका पायावर गिरकी न घेता चार छोटी पावलं टाकत वळायचं. डोळे मिटून करायचे प्रकार घरात कुणी शेजारी नसताना करू नका.

एका पायावर दहा सेकंद उभं राहता येत नाही तो लवकर मरतो, असा एक निरोप मध्यंतरी सगळ्या ग्रुपवर फिरत होता. त्यामागचा अभ्यास खरा आहे, ब्राझीलमधला, २०२२ चा, ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ लोकांचा. त्यातल्या वीस टक्क्यांना ते जमलं नव्हतं आणि पुढच्या वर्षांत त्यांच्यात मृत्यू जास्त झाले. पण त्यांच्यात मधुमेह आणि लठ्ठपणाही जास्त होता. एक पाय उचलून उभं राहण्यानं आयुष्य वाढतं असं त्या अभ्यासानं म्हटलेलं नाही. त्याचा उपयोग इतकाच की आपल्या तोलाकडे लक्ष जावं.

जमिनीवरून उठायलाही शिकवा. हे कुणीच शिकवत नाही आणि पडलेला म्हातारा माणूस बऱ्याचदा हाड मोडलेलं नसूनही उठता न आल्यामुळे तासन्‌तास पडून राहतो. सतरंजीवर निजवा. आधी कुशीवर, मग कोपर टेकून दोन्ही हातांवर-गुडघ्यांवर, तसंच रांगत खुर्चीपर्यंत, दोन्ही तळहात खुर्चीच्या बैठकीवर, मजबूत पायाचं पाऊल पुढे रोवायचं आणि हातांनी रेटून वर यायचं. पंचाहत्तरी ओलांडलेल्या एका आजींनी पडण्याच्या धसक्यानं देवघरासमोर बसणं सोडून दिलं होतं, पूजा उभ्यानं उरकायच्या. हा प्रकार जमल्यावर त्या पुन्हा पाटावर बसायला लागल्या. ताकद तेवढ्या दिवसांत फारशी वाढलेली नव्हती, भीती गेली होती.

आता मेंदू. पाय आणि डोकं ही दोन वेगळी खाती नाहीत. स्वीडनमध्ये १९९७ साली वृद्धाश्रमातल्या लोकांवर एक साधं निरीक्षण झालं: सोबत चालताना गप्पा सुरू केल्या की कोण थांबतं? बारा जण थांबले, आणि पुढच्या सहा महिन्यांत त्यातले दहा पडले. चालणं वयाबरोबर आपोआप होईनासं होतं, त्याला लक्ष द्यावं लागतं, आणि तेच लक्ष बोलण्यात गेलं की पाय अडतात. बाबांची ही परीक्षा मोकळ्या, सपाट जागी करून बघा: चालता चालता शंभरातून तीन-तीन वजा करत जायला सांगा. वेग फारच मंदावला किंवा थांबूनच उत्तर आलं, तर हा सराव व्यायामातच घालायचा. शिक्षक आहेत, पाढे उलटे म्हणत चालतील!

स्मरणशक्तीबद्दलच्या अभ्यासांत सगळ्यात जास्त गाजलेला २०११ मधला अमेरिकेतला. १२० वृद्धांपैकी निम्म्यांनी वर्षभर आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटं भरभर चालायचं, उरलेल्यांनी ताण देण्याचे हलके व्यायाम करायचे. मेंदूत स्मृती साठवण्याचं काम करणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग वयानुसार आकसत जातो. चालणाऱ्यांमध्ये तो सुमारे दोन टक्क्यांनी वाढला, दुसऱ्या गटात घटला. वर्तमानपत्रांतले मथळे यावरच बेतलेले असतात.

त्याच मथळ्यांत न आलेली बाजू अशी. ७० ते ८९ वयाच्या १,६३५ बैठ्या लोकांवर झालेल्या मोठ्या अमेरिकी प्रयोगात एका गटाला व्यायाम दिला, दुसऱ्याला आरोग्यविषयक वर्ग. चालण्याची क्षमता गमावण्याचं प्रमाण व्यायाम करणाऱ्यांत १८ टक्क्यांनी कमी राहिलं, म्हणजे पायांचा फायदा ठळक. पण दोन वर्षांनी स्मरणशक्ती आणि आकलनाच्या चाचण्या घेतल्या तेव्हा दोन्ही गट एकसारखेच निघाले. २०२२ मध्ये ५८५ जणांवरच्या आणखी एका अमेरिकी चाचणीतही व्यायामानं स्मृतीच्या चाचण्यांत फरक पडला नाही. आणि ज्यांना स्मृतिभ्रंश आधीच झालेला आहे अशा ४९४ जणांवर ब्रिटनमध्ये झालेल्या, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अंगातली ताकद-दम वाढला, पण आजाराची उतरण थांबली नाही.

मग व्यायाम करणाऱ्यांना स्मृतिभ्रंश कमी होतो असं सगळीकडे लिहिलेलं असतं ते कसं? एक कारण उलट्या दिशेचं आहे. लंडनच्या सरकारी कर्मचाऱ्यांचा २८ वर्षं पाठपुरावा केला तेव्हा असं दिसलं की स्मृतिभ्रंशाचं निदान होण्याच्या सुमारे नऊ वर्षं आधीपासूनच माणसाची हालचाल कमी व्हायला लागते. आजार आत सुरू झालेला असतो, माणूस घरी बसायला लागतो, आणि आपण म्हणतो की बसून राहिला म्हणून आजार झाला.

माझं मत विचाराल तर, एकट्या व्यायामाकडून स्मरणशक्तीची हमी मागू नये, पण तो सोबतीला असताना बाकीच्या गोष्टी जास्त लागू पडतात. फिनलंडमध्ये ६० ते ७७ वयाच्या १,२६० जणांवर दोन वर्षं आहार, व्यायाम, बुद्धीचे खेळ आणि रक्तदाब-साखरेवर देखरेख असा एकत्र कार्यक्रम राबवला गेला. २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. एकत्रित चाचण्यांमधली त्या गटाची सुधारणा नुसता सल्ला मिळालेल्यांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती. पैकी ठळक फरक कामांचं नियोजन आणि विचारांचा वेग यात पडला. म्हणजे दोन कामं एकदम सांभाळणं, हॉर्न ऐकून चटकन निर्णय घेणं, तेच ते.

स्मृतिभ्रंशाचे जे धोके टाळता येतात त्यांची २०२४ मध्ये एका आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानं यादी केली. चौदा कारणं मिळून सुमारे ४५ टक्के वाटा. त्यात निष्क्रियतेचा स्वतःचा वाटा फक्त दोन टक्के, तर कमी ऐकू येण्याचा सात, एकटेपणाचा पाच आणि डोक्याला मार लागण्याचा तीन. व्यायामाचं दुकान असलेल्या माझ्यासारखीला हे आकडे गैरसोयीचे आहेत, पण बाबांना कमी ऐकू येत असेल तर तीन हजारांच्या बुटांआधी कानाची तपासणी करा. कट्ट्यावरचा चहाही चालू ठेवा. आणि पडणं टळलं तर डोक्याचा मार टळतो, हा व्यायामाचा मेंदूला होणारा अगदी सरळ फायदा.

नावं उशिरा आठवण्याबद्दल फार घाबरू नका. नाव थोड्या वेळानं आठवत असेल, आणि आपण विसरलो हे बाबांना स्वतःला कळत असेल, तर ते बहुधा वयाचं. तोच प्रश्न अर्ध्या तासात पुन्हा पुन्हा विचारणं, रोजच्या वाटेवर चुकणं, पेन्शनचा हिशेब आयुष्यभर चोख ठेवणाऱ्याचा त्यात गोंधळ होणं, ही लक्षणं दिसली तर न्यूरोलॉजिस्टकडे जा. उदासपणानंही विसरायला होतं, निवृत्तीनंतर तर बऱ्याच जणांना.

आईंकडे येते. गुडघे झिजलेत म्हणून हालचाल बंद, हा सल्ला अजूनही घरोघरी दिला जातो. मांडीचा पुढचा स्नायू जितका दुबळा तितका गुडघ्यावर भार जास्त, म्हणून गुडघेदुखीवर पहिला उपाय तो स्नायू बळकट करणं हाच. पलंगावर बसून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघ्यानं ती खाली दाबत पाय सरळ करायचा, पाच सेकंद धरायचा. पंधरा दिवसांनी उंच बैठकीवरून उठबस. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीइतकंच राहिलं असेल तर तसंच पुढे जायचं, वाढलेलं असेल किंवा गुडघा सुजला असेल तर फेरे कमी करायचे. उकिडवं बसणं आणि खाली बसून भाजी निवडणं तूर्त टाळावं, पण जिना पूर्ण बंद करू नये.

मधुमेहासाठी त्यांना सकाळच्या मोठ्या फेरीपेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं घरातल्या घरात चालणं जास्त मानवेल. जेवणानंतर चढणारी साखर त्यानं आटोक्यात राहते आणि गुडघ्यांवरही एकदम ताण येत नाही. शतपावलीचंच हे रूप, फक्त शंभर पावलं थोडी कमी पडतात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर उपाशीपोटी व्यायाम नको, जवळ साखर किंवा चघळायची गोड गोळी-बिस्किट असू द्या. रात्री तळपाय बघायची सवय लावा, फोड आलेला कळत नाही.

वयाच्या या टप्प्यावर त्यांची हाडांची घनता एकदा मोजलेली असावी. ठिसूळपणा निघाला तर वजनाचा व्यायाम बंद करायचा नसतो, उलट देखरेखीखाली करायचा असतो. पण पुढे वाकून करायची आसनं, पश्चिमोत्तानासन, हलासन, आणि वाकून कळशी-बादली उचलणं टाळायचं. पाठीचा मणका पुढे झुकलेल्या अवस्थेत दबतो. काचबिंदू असलेल्यांनी डोकं खाली आणि पाय वर अशी आसनं करू नयेत. योगाला माझा विरोध नाही. वर्गात साठीची आणि तिशीची माणसं एकाच आसनात बसवणाऱ्यांना आहे.

खाण्याबद्दल थोडक्यात: मूत्रपिंडाचा त्रास नसेल तर किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं रोज. साठ किलोच्या माणसाला साठ ते पंचाहत्तर ग्रॅम. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात जवळपास तितकीच. सकाळी चहा-बिस्किट आणि रात्री नुसता दूधभात असेल तर हा हिशेब जमत नाही. उसळ, पिठलं, दही, पनीर यांतलं काहीतरी प्रत्येक जेवणात हवं.

आणि आजारपणात 'पडून राहा' हा सल्ला जपून द्या. अमेरिकेतल्या एका प्रयोगात सरासरी ६७ वर्षांच्या धडधाकट लोकांना दहा दिवस अंथरुणात ठेवलं. पायांचा जवळजवळ एक किलो स्नायू गेला. तापातून उठल्यावर बाबा एकदम अशक्त झाले असं वाटतं, त्यामागे हे असतं. ताप उतरला की दिवसातून चार-पाच वेळा खुर्चीत बसवा, उठवा, दारापर्यंत न्या.

छातीत दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखणं, नेहमीपेक्षा वेगळी धाप, डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काहीही झालं तर तिथेच थांबायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर. हृदयविकार आधीच माहीत असेल तर हे सगळं सुरू करण्यापूर्वी हृदयरोगतज्ज्ञांना विचारा.

आठ आठवड्यांनी खुर्चीची चाचणी पुन्हा घ्या, त्याच खुर्चीवर, त्याच वेळी. आकडा वाढायला हवा. तपासण्या सगळ्या ठीक असूनही वाढला नाही, तर व्यायाम फार हलका ठेवला गेला का ते आधी बघा. बहुतेक घरांत म्हातारी माणसं दमायच्या आधी मुलंच 'बाबा, पुरे आता' म्हणतात.